पहिल्या परदेशवारीसाठी शहर कसं निवडावं

चोपड्याहून प्रश्न आला आहे. नवरा-बायको आणि साठी ओलांडलेले आई-अप्पा, चौघेही शाकाहारी. पासपोर्ट नुकतेच हातात आलेत. मे महिन्यात दहा-बारा दिवस मोकळे आहेत. टूरवाल्याने 'बारा दिवसांत सात देश' असा युरोपचा कार्यक्रम समोर ठेवलाय. हा घ्यावा, की जगातली एक-दोन शहरं नीट बघावीत? आणि कोणती, का?

सात देशांचा कार्यक्रम सोडून द्या. युरोपात बसचालकाला साडेचार तास गाडी चालवली की किमान ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाला साधारण नऊ तासांपलीकडे तो गाडी चालवू शकत नाही. हा तिथला कायदा आहे, कुणी मोडत नाही. म्हणून एका देशातून दुसऱ्यात जायचा अख्खा दिवस बसमध्ये जातो. सकाळी साडेसहाला बॅगा खाली आणायच्या, संध्याकाळी सहाला शहरात पोचायचं, चर्चसमोर वीस मिनिटं थांबून फोटो काढायचे आणि गावाबाहेरच्या हॉटेलात झोपायचं. साठीच्या माणसाचे गुडघे तिसऱ्या दिवशी बोलायला लागतात. पैसे शहर बघण्याचे भरता आणि बघता महामार्ग.

दुसरी गोष्ट, आधी महिना ठरवा, शहर त्यानंतर. खानदेशातल्या घराला मोकळा वेळ मिळतो तो मे महिन्यात, दिवाळीत, किंवा कापूस विकून हिशेब झाल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत. या तीन वेळांना चांगली असणारी शहरं वेगवेगळी आहेत. मे महिना लंडन आणि ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाला चांगला. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर जपानमधल्या क्योतोचा. डिसेंबर ते फेब्रुवारी दुबईचा. सिंगापूर बारमाही उकाड्याचं, त्यामुळे कधीही जा, फक्त डिसेंबर-जानेवारीत पाऊस जास्त असतो. मे महिन्यात दुबईला जाणं म्हणजे जळगावचं ऊन विमानाचं तिकीट काढून पुन्हा सोसणं. स्वस्त पॅकेज त्या महिन्यात मिळतं ते त्याचमुळे.

आता एकेक शहर.

लंडन. तुमच्यासाठी मे महिन्यात माझं पहिलं मत याला. खानदेशी माणसाला या शहरात एक जास्तीचं कारण आहे, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. अजिंठ्याची लेणी तुमच्यापासून तीन तासांवर. १८१९ मध्ये इंग्रजांच्या नजरेला ती पडल्यानंतर रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात तिथल्या चित्रांच्या मोठ्या प्रती करायला घेतल्या आणि कित्येक वर्षं त्यात घालवली. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या; १८६६ च्या आगीत जवळपास सगळ्या गेल्या. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रती करवल्या. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि त्यातल्याही निम्म्याहून जास्त नष्ट झाल्या. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. प्रत्यक्ष लेण्यांत रंग पुढे आणखी उडाले. त्यामुळे काही ठिकाणी चित्रात काय होतं हे या प्रतींवरूनच कळतं.

एक अडचण आहे. बहुतेक प्रती कोठारात असतात, भिंतीवर नसतात. म्युझियमच्या संकेतस्थळावर त्यांच्या संग्रहातल्या वस्तूंची पानं आहेत, आणि ती वस्तू सध्या मांडलेली आहे की नाही हे तिथे लिहिलेलं असतं. निघण्याआधी 'अजंठा' शोधून बघा आणि दालनाचा क्रमांक लिहून घ्या. प्रवेश मोफत, रोज सकाळी दहा ते पावणेसहा, शुक्रवारी रात्री दहापर्यंत. शुक्रवारी संध्याकाळी जाल तर दालनं मोकळी मिळतील. ब्रिटिश म्युझियमही मोफत आहे. तिथे आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचं शिल्पकाम आवर्जून बघा. दोन्ही म्युझियमं एका दिवसात करू नका. अडीच तासांनंतर डोळे बघतात पण डोक्यात काही जात नाही.

मराठी माणसासाठी दुसरी जागा म्हणजे १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना या घरात राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतलं. चॉक फार्म हे भुयारी रेल्वेचं स्टेशन तिथून जवळ. जवळच प्रिमरोज हिलची टेकडी आहे. आई-अप्पा सावकाश चढू शकतील इतपत उतार, आणि वरून अख्खं शहर दिसतं.

फिरण्यात चूक कुठे होते ते सांगतो. लंडनमध्ये तिकीट काढावं लागत नाही. बँकेचं कार्ड गेटवर टेकवलं की झालं. पण एका कार्डावर दोन माणसं जाऊ शकत नाहीत. चौघांना चार वेगळी कार्डं लागतात. शिवाय आत जाताना कार्ड टेकवलं आणि बाहेर येताना त्याच कार्डाचा मोबाइल टेकवला, तर यंत्राला ते दोन प्रवासी वाटतात आणि दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं लागतं. ज्याने आत, त्यानेच बाहेर. आई-अप्पांकडे परदेशात चालणारं कार्ड नसेल तर स्टेशनवर ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड, घेऊन द्या.

भुयारी रेल्वे जुनी आहे. कित्येक स्टेशनांवर लिफ्ट नाही, आणि सरकता जिना संपला की पुढे साधा जिना असतोच. म्हाताऱ्या माणसांसाठी बस बरी. सगळ्या बसची पायरी खाली असते, चढताना एकदाच कार्ड टेकवायचं, उतरताना नाही. पहिल्या बसपासून एका तासात कितीही बस बदला, भाडं एकदाच कापतं. रोख पैसे बसमध्ये घेतच नाहीत. वरच्या मजल्यावर पुढच्या काचेजवळची जागा मिळाली तर शहर बघायला वेगळ्या सहलीची गरज नाही. मे महिन्यात सूर्य रात्री पावणेनऊ-नऊपर्यंत असतो. पहिले दोन दिवस शरीराला वेळ कळत नाही, म्हणून जेवण घड्याळ बघून करा.

जेवणाचं म्हणाल तर युस्टन स्टेशनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय शाकाहारी हॉटेलं आहेत. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर गुजराती वस्ती आहे. तिथे थाळीपासून ताज्या कोथिंबिरीपर्यंत सगळं मिळतं. नीस्डनच्या १९९५ मधल्या स्वामिनारायण मंदिरालगत शाकाहारी उपाहारगृह आहे. राहायला मात्र मध्य लंडनच्या फार बाहेर जाऊ नका. खोलीत वाचलेले पैसे रोजच्या दोन तासांच्या प्रवासात जातात, आणि आई-अप्पांना दुपारी खोलीवर येऊन पडता येत नाही. दुपारची ती विश्रांती मिळाली तर संध्याकाळ हातात राहते.

क्योतो. जगातल्या शहरांत मला सगळ्यात जास्त जीव आहे तो याच्यावर, पण तुमच्या मे महिन्यासाठी मी ते सुचवणार नाही. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमध्ये सलग सुट्ट्या येतात आणि अख्खा देश फिरायला निघतो. त्या दिवसांत हॉटेलांचे भाव चढतात. मे सरता सरता गर्दी ओसरते, पण जूनमध्ये पाऊस. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा सोन्यासारखा. मेपलची पानं लाल होतात, हवा कोरडी आणि थंड, स्वेटर पुरतो.

७९४ ते १८६८ ही हजारावर वर्षं क्योतो राजधानी होतं. दुसऱ्या महायुद्धात ते मोठ्या बॉम्बफेकीतून वाचलं, म्हणून जुनं लाकडी शहर अजून उभं आहे. बघायचं कसं, हे इथे फार महत्त्वाचं. फुशिमी इनारी या देवस्थानाच्या डोंगरावर हजारो केशरी तोरणकमानी आहेत. प्रवेश मोफत, दिवसरात्र उघडं. क्योतो स्टेशनवरून नारा मार्गावर इनारी हे दुसरं स्टेशन, पाच मिनिटं. सकाळी सातच्या आत पोचा. नऊनंतर कमानीखालून माणसांची रांग सरकत असते आणि बघायला काही उरत नाही. डोंगर २३३ मीटरचा. पूर्ण फेरी दोन ते तीन तासांची. आई-अप्पांनी योत्सुत्सुजी या मधल्या टप्प्यापर्यंत जाऊन परत फिरावं. तिथून शहर दिसतं आणि बसायला जागा आहे.

किंकाकुजी हे सोनेरी मंदिर १९५० मध्ये जाळलं गेलं, १९५५ मध्ये पुन्हा बांधलं. ते बाहेरूनच बघायचं, अर्धा तास पुरे. त्याच्याजवळ र्‍योआनजी आहे. तिथे जास्त वेळ द्या. आयताकृती अंगण, त्यात पांढरी खडी, खडीवर फणीने ओढल्यासारख्या सरळ रेघा, आणि पाच पुंजक्यांत पंधरा दगड. ओसरीच्या लाकडी पायरीवर कुठेही बसा, एक तरी दगड दुसऱ्यामागे लपलेला राहतो. चौदा मोजले की माणूस उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो, तिथून लपलेला दिसतो आणि आधी दिसलेला एखादा जातो. लोक पाच मिनिटांत फोटो काढून निघतात. तुम्ही सकाळी दार उघडताना जा आणि अर्धा तास बसा. आतली लाकडी फरशी अनवाणी किंवा मोज्यांनी चालायची असते. बूट रोज पाच-सहा वेळा काढावे लागतात. लेसचे बूट नकोत, आणि मोजे फाटके नकोत.

शाकाहाऱ्यांसाठी जपान कठीण आहे हे आधीच समजून घ्या. मांस दिसतं, त्यामुळे टाळता येतं. दाशी दिसत नाही. दाशी म्हणजे बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कातरणाचं पाणी. ते मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्श्यात, तोफूवरच्या सॉसमध्ये, भाजी शिजवण्यात सगळीकडे असतं. 'व्हेज आहे का' विचारलं तर भाज्या दिसताहेत म्हणून ते हो म्हणतात. त्यात फसवणूक नसते. म्हणून जपानी लिपीत छापलेली चिठ्ठी चौघांच्या खिशात ठेवा: मांस नको, मासे नको, अंडं नको, माशाची दाशी नको. बौद्ध मठांतलं शोजिन र्‍योरी हे जेवण मांस-मासे-अंड्यांशिवाय बनतं. अराशियामातल्या तेनर्‍यूजीच्या आवारात ते मिळतं. एक दुपार त्यासाठी ठेवा.

दोन तांत्रिक गोष्टी. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे. घरून नेलेली २३० व्होल्टची केटल तिथे जेमतेम पाचव्या हिश्श्याची उष्णता देते. पाणी उकळायला अर्धा तास जाईल. नेऊ नका, बहुतेक हॉटेलांत खोलीत केटल असते. आणि इथल्या सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. ते दहा टक्क्यांपेक्षा जास्त असलेलं औषध जपानमध्ये नेता येत नाही. गोळीच्या पाठीमागची नावं डॉक्टरांना दाखवून घ्या. रेल्वे पासबद्दल सगळे विचारतात. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ पासून ५०,००० येनचा झाला. नुसतं टोकियो-क्योतो जाऊन येण्याला साधारण २८,००० येन लागतात. म्हणजे पास तोट्याचा. ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतरलात तर बुलेट ट्रेनचीही गरज नाही. हारुका गाडी साधारण सव्वा तासात क्योतोला पोचवते. मोठ्या बॅगा घेऊन शहरबसमध्ये चढू नका.

सिंगापूर. व्हिसाला वेळ कमी उरला असेल किंवा आई-अप्पांना लांबचं विमान झेपत नसेल तर हे. मुंबईहून थेट साडेपाच तास. नळाचं पाणी पिता येतं, रेल्वेस्थानकांत लिफ्ट आहे, आणि लिटल इंडियात राहिलात तर सकाळी इडली आणि फिल्टर कॉफी पायी अंतरावर. सेरंगून रोडवरचं कोमल विलास १९४७ पासून शाकाहारी जेवण देतंय. वेळापत्रक असं ठेवा: सकाळी सातला बोटॅनिक गार्डन (मोफत, आतल्या ऑर्किड बागेला तिकीट), दुपारी उन्हाच्या वेळी गार्डन्स बाय द बेचे वातानुकूलित काचघुमट, संध्याकाळी तिथल्याच उंच लोखंडी झाडांचा प्रकाशखेळ. तो पावणेआठ आणि पावणेनऊला असतो आणि मोफत आहे.

एक जागा टूरवाले क्वचितच दाखवतात, ती म्हणजे मरीना बॅरेज. खाडीच्या तोंडाशी २००८ मध्ये बांधलेला बांध. समुद्र बाहेर राहतो आणि शहराच्या मधोमध गोड्या पाण्याचा तलाव होतो. सिंगापूरच्या जमिनीच्या दोन-तृतीयांश भागावर पडलेलं पावसाचं पाणी गटारांतून आणि कालव्यांतून १७ जलाशयांत जातं. शिवाय सांडपाणी गाळून, शुद्ध करून पुन्हा वापरतात. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात बोअर दरवर्षी किती खोल जातात हे ज्याने पाहिलंय, त्याने या बांधाच्या गवताळ गच्चीवर एक संध्याकाळ जरूर काढावी. खाली माहितीचं दालनही आहे.

सिंगापुरात शिरण्याआधी बॅग तपासा. तंबाखूची पुडी, गुटखा, ई-सिगारेट नेता येत नाही, च्युइंगगमही नाही. आणि खसखस. सिंगापूर आणि दुबई दोन्हीकडे खसखशीला बंदी आहे, ती अफूच्या बोंडाची असते म्हणून. घरच्या काळ्या मसाल्यात खसखस घातलेली असेल तर तो डबा घरीच राहू द्या. भरीत-शेवभाजीसाठी मसाला लागतोच म्हणत असाल तर खसखस न घालता वेगळा कुटून घ्या. येण्याआधीचं अरायव्हल कार्ड सरकारी संकेतस्थळावर तीन दिवस आधीपासून भरता येतं, फुकट. पैसे मागणारी नकली संकेतस्थळं पुष्कळ आहेत.

व्हिएन्ना थोडक्यात. युरोपचं एकच शहर बघायचं तर वयस्कांसाठी हे. सपाट आहे, ट्राम दाराशी येते, नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी १८७३ पासून येतं. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममधली ब्रॉयगल या जुन्या चित्रकाराची चित्रं शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाने मुद्दाम बघावीत: घरी परतणारी गुरं, शिकार, लग्नाची पंगत. दोन गोष्टी सांभाळा. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून दूध-ब्रेड शनिवारीच आणा. आणि कागदी तिकीट नुसतं काढून चालत नाही, स्टेशनच्या दाराशी असलेल्या यंत्रात त्यावर शिक्का मारावा लागतो. नाही मारला तर खिशात तिकीट असूनही दंड. युरोपात तूप, पेढे, पनीर नेता येत नाही. केळी मात्र नेता येतात. कागदपत्राशिवाय चालणाऱ्या मोजक्या फळांत ती आहेत.

लंडन आणि व्हिएन्ना एकाच सहलीत बसवाल तर लक्षात ठेवा, व्हिसे दोन लागतात. शेंगेन म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट; ऑस्ट्रिया त्यात आहे, ब्रिटन नाही. शेंगेनचं शुल्क मोठ्यांना ९० युरो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो.

व्हिसाच्या फाइलबद्दल, कारण शेतकऱ्यांचे अर्ज इथेच अडकतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आयकर विवरणात आकडा लहान दिसतो. आणि कापसाचे किंवा केळीचे पैसे एकदम खात्यावर येतात. अर्जाआधी महिनाभरात मोठी रक्कम आली की ती उसनी दाखवलीय असा संशय येतो. उपाय असा: सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट घ्या, प्रत्येक मोठ्या जमेसमोर त्याच तारखेची जिनिंगची किंवा व्यापाऱ्याची हिशेबपट्टी जोडा. सातबारा आणि आठ-अ लावा, कारण परत येण्याचं सगळ्यात भक्कम कारण तेच आहे. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर हवं, त्यावर भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा. एका पानाच्या पत्रात खर्च कोण करतंय ते लिहा. आई-अप्पांचा खर्च तुम्ही करणार असाल तर त्यांच्या खात्यात पैसे फिरवू नका. तुमचंच स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा लावा.

परदेशात कार्ड टेकवल्यावर यंत्र कधी कधी विचारतं, रुपयांत कापू का? नेहमी तिथल्या चलनात कापायला सांगा. रुपयांचा दर दुकानाच्या बाजूने ठरतो आणि तो महाग पडतो.

जळगाव-भुसावळहून मुंबई सात-आठ तास, चोपड्याहून जळगाव वेगळं. विमान रात्री असेल तर त्याच सकाळी पोचणाऱ्या गाडीवर अवलंबून राहू नका. आदल्या दिवशी मुंबई गाठा. रेल्वेला चार तास उशीर झाला म्हणून विमान कंपनी तिकिटाचे पैसे परत देत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग हरवली तर त्यातल्या गोळ्याही गेल्या.

तुमचा निर्णय असा करा. मेपर्यंत दोन महिन्यांहून जास्त वेळ असेल तर एकटं लंडन, आठ रात्री, मध्ये एक दिवस रेल्वेने ऑक्सफर्ड किंवा बाथ. ब्रिटनचा व्हिसा बोटांचे ठसे दिल्यावर साधारण तीन आठवडे घेतो, आणि उन्हाळ्यात ठशांची तारीखच उशिरा मिळते, म्हणून तारीख आधी बघा, विमान मागाहून काढा. वेळ कमी असेल तर सिंगापूर, पाच रात्री. क्योतोसाठी या दिवाळीनंतरच्या नोव्हेंबरचं हॉटेल मे महिन्यातच धरून ठेवा, रद्द करता येईल अशा अटीवर.